चित्र स्वच्छ दिसलं

मुंबई,
११ जानेवारी २०२५

ती. आनंदीआत्यास,
गौरजाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि कुळथाची पिठी एकाच दिवशी पोचली. पिठीची पुडी फुटून सगळी पत्रावर बसली होती, त्यामुळे तुझे उपदेश वाचताना मला शिंका येत होत्या. खोलीतल्या मुली विचारतात की हल्ली पत्र कोण लिहितं. मी सांगते की फोन कानाला लावला की माझ्या आत्याच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि मेसेज पाठवावा तर त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ बघून मास्तरीणबाईंचं डोकं उठतं. मग पत्राशिवाय इलाज काय?

तू विचारलं होतंस की दीड वर्ष मी इथे नेमकं शिकते काय, आणि वाडीतला बाबली लोकांना सांगत फिरतो तसं मी खरंच बॉम्बच्या खात्यात आहे का. त्याला म्हणावं, नाही रे बाबा. एक्स-रेत किरण बाहेरून येतात. आमच्या न्यूक्लियर मेडिसिनमध्ये औषधच शिरेतून अंगात जातं आणि हाडांत जाऊन बसतं. तिथून निघणारे किरण आमचा कॅमेरा टिपतो. सहा तासांत औषधाचा जोर निम्मा होतो, दोनेक दिवसांत नाहीसा. औषध शिशाच्या भांड्यात ठेवायचं, शिशाच्या जाड नळीत बसवलेल्या सुईने टोचायचं, छातीवर किरण मोजणारा बिल्ला लावायचा आणि हात भरभर चालवायचे. एवढंच काय ते माझं अणुशास्त्र.

आता खरी बातमी. परवा, गुरुवारी, मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने इंजेक्शन दिलं. आमच्या वरिष्ठ टेक्नॉलॉजिस्ट सारिका मॅडम शेजारी उभ्या होत्या, पण त्यांनी हात मागे बांधले होते. याआधी दोनदा माझी शीर हुकली होती आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते, ते तुला कळवलं नव्हतं. या वेळी पहिल्याच टोचणीत जमलं! बाबांना फोनवर सांगितलं तर ते 'बरं' म्हणाले आणि हापूसच्या मोहराकडे वळले. म्हणून आता तुझ्यापुढे नाचते आहे.

आणि गंमत अशी की ती बाई निघाली आपल्याकडची. नाव सांगत नाही, सांगायची बंदी आहे. पण उजव्या मनगटावर तुळशीवृंदावनाचं गोंदण, आणि त्याच्या खालीच तव्याने भाजल्याचा लांब डाग. मी शीर शोधत होते आणि त्या मला धीर देत होत्या की भियू नको गो, माझो हात घावण्यांच्या तव्यार भाजून भाजून मेलेलो आसा. इंजेक्शननंतर तीन तास थांबावं लागतं, भरपूर पाणी प्यावं लागतं. तेवढ्या वेळात त्यांनी सांगितलं की छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालंय, आता दुखणं हाडांत उतरलंय का ते बघायचंय, आणि गावात मात्र डोळ्यांचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय. कोणाक कळूक नको असं तीन वेळा म्हणाल्या.

निघताना त्यांनी विचारलं की काय दिसला. मी शिकवल्याप्रमाणे सांगितलं की ते डॉक्टर बघतील, आठ दिवसांनी रिपोर्ट मिळेल. पण तुला म्हणून सांगते, मी पडद्यावर पाहिलं. चित्र अगदी स्वच्छ होतं. इतका आनंद झाला की वसतिगृहापर्यंत मी जवळजवळ धावतच आले.

वर्षभर तू माझं रडगाणं ऐकलंस, आता हे ऐक. लोभ आहेच, पण थोडं कौतुकही पाठव.

तुझी,
गौरजा

मिठबाव,
२१ जानेवारी २०२५

चि. गौरजास,
आनंदीआत्याचे उदंड आशीर्वाद. वि. वि.

कौतुक मागून घ्यायचं नसतं, पण तू मागितलंस म्हणून देते. शाबास हो! शीर हुकली म्हणून रडलीस हे कळवायला मात्र हवं होतंस. मी पहिल्या दिवशी वर्गात फळ्यावर तारीख चुकीची लिहिली होती आणि सगळ्या मुलांनी ती मुकाट्याने उतरवून घेतली होती. ते मी तुला आज सांगते आहे, म्हणजे आपली फिट्टंफाट झाली.

आता तुझ्या नाव न सांगण्याबद्दल. अगो, तुळशीवृंदावन आणि त्याखाली तव्याचा डाग! साऱ्या पंचक्रोशीत असा हात एकच. गेली दहा वर्षं त्या हातचे घावणे मी खाते आहे आणि त्याआधी त्या हाताला मी चौथीपर्यंत शुद्धलेखन घातलं आहे. आमची मथुरा! मला रडूच आलं. डोळ्यांचं ऑपरेशन सांगून गेली आणि परत आली ती काळा चष्मा लावून. काय तिची हुशारी आणि काय तिचं एकटेपण. एवढं मोठं ओझं तिने एकटीने पोटात ठेवलं आणि इथे येऊन पुन्हा आमच्यासाठी पीठ भिजवू लागली.

मग तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि हात जोडले. काल सोमवार. देवळात गेले, नारळ ठेवला आणि गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. वाडीतली पंधरावीस माणसं होती. गुरवाचा आवाज तुला माहीत आहेच, समुद्रावर गलबताला ऐकू जावा असा. बा देवा म्हाराजा, ह्या मथुराच्या जिवार जा काय मोठा दुखणा इला होता, ता तुया मुळासकट काढून टाकलंस, तसाच पुढे तिची राखण कर रे म्हाराजा, असं तो म्हणाला आणि सगळ्यांनी एका तोंडाने होय म्हाराजा म्हटलं. 

मथुरा मागे खांबाला टेकून उभी होती हे मला ठाऊक नव्हतं. ती पुढे आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला बाजूला घेऊन तिने विचारलं की बाई, तुमका कोणी सांगितला. मी तुझं नाव घेतलं नाही. फक्त म्हटलं, देवाच्या तोंडून निघालं आहे, ते खोटं कसं असेल? आधी ती रागावली, मग रडली, मग तिने माझे पाय धरले. म्हणाली की रिपोर्ट आणूक जायचा होता पण छाती होईना, आता नाय जाणंय, देवानच सांगितला. तिकीट तिने कालच रद्द करून टाकलं. आज सकाळी चष्मा न लावता आली आणि दोन घावणे जास्त वाढून गेली.

तेव्हा बघ, तुझ्या एका सुईने केवढं काम झालं. अशीच यशस्वी हो आणि या म्हातारीला विसरू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
आनंदीआत्या

मुंबई,
२८ जानेवारी २०२५

ती. आनंदीआत्यास,
सा. न.

तुझं पत्र काल मिळालं. रात्री ते तीनदा वाचलं.

आज कामावर गेल्या गेल्या रिपोर्टांचा कप्पा उघडला. त्यांचा लिफाफा तिथेच होता, न नेलेला. मला तो उघडायचा अधिकार नाही. पण नोंदवहीत शेजारी डॉक्टरांचा शेरा असतो आणि तो आम्हाला वाचावाच लागतो. त्यात काय आहे ते मी लिहिणार नाही. एकदा लिहून झालं तेवढं पुरे. एवढंच सांगते की मी तुला जे कळवलं होतं, ते त्यात नाही.

आत्या, मला कोणी विचारलं नव्हतं. पहिल्या वर्षी पहिल्याच तासाला शिकवलं होतं की टेक्नॉलॉजिस्टने चित्र काढायचं, वाचायचं नाही. मी ते परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. त्या बाईंच्या तोंडावर मी गप्प बसले आणि तिथून सुटल्यावर शहाणपणा मिरवायला तुझ्याकडे पळाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी तीन वेळा बजावलं होतं आणि मी त्यांच्या मनगटासकट सगळं कागदावर मांडलं. मला इतकी लाज वाटते आहे की काल जेवणघरात मुलींकडे मान वर करून बघवेना.

ऑफिसातून त्यांना दोनदा फोन गेला असं कळलं. दोन्ही वेळा येतंय म्हणाल्या आणि आल्या नाहीत. आता तूच काहीतरी कर. त्यांना मुंबईला पाठव, लगेच. रिपोर्ट हातात असलेला बरा म्हणावं, पुढे सरकारी कागदाला लागतो म्हणावं, वाटेल ते म्हण. फक्त माझं नाव घेऊ नकोस. सारिका मॅडमना हे कळलं तर माझी इंटर्नशिप जाईल. दीड वर्ष गेलंय, बाबांनी कोणाकोणाला सांगून ठेवलंय, सगळं जाईल. तू केलेल्या गाऱ्हाण्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. मूळ माझंच.

उत्तर पाठवायला उशीर लावू नकोस. आशीर्वाद मागायचं तोंड नाही.

गौरजा

मिठबाव,
३ फेब्रुवारी २०२५

चि. गौरजास,
आशीर्वाद.

मागशील किंवा न मागशील, ते आहेतच. पण आज शब्द कडू आहेत, गूळ जवळ ठेवून वाच.

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी मी मथुराकडे गेले. तू शिकवलेलं सगळं बोलून पाहिलं. सरकारी कागद म्हटलं, तर ती म्हणाली की कागद कित्याक, माका देवान सांगितला. उगाच एकदा दाखवून ये म्हटलं, तर हसली. म्हणाली की बाई, तुमीच गाऱ्हाणा घातलात आणि तुमीच आता शंका घेतात? गौरजा, माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. तिने नवी पातळं काढली आहेत. पंधरा दिवसांनी नांदगावला बहिणीकडे लग्नाला जाणार म्हणून दोन मोठे डबे लाडू केले आहेत. त्यातला एक लाडू तिने माझ्या हातावर ठेवला आणि तो मी तिथे बसून खाल्ला. 

मी छत्तीस वर्षं मुलांना सांगितलं की ऐकीव गोष्ट लिहू नये. आणि निवृत्त झाल्यावर ऐकीव गोष्ट गुरवाच्या तोंडून देवापुढे घातली. तीही दुसऱ्या बाईचं नाव घेऊन, तिला न विचारता, चारचौघांत. भलं करायला गेले म्हणून माझी सुटका होत नाही. लोक आता तिला येता-जाता विचारतात की कसला दुखणा होता गो? ती हसून वेळ मारून नेते. झाकली मूठ तिची होती, उघडली मी. मीसुद्धा रात्रंदिवस हेच घोळवते आहे, तेव्हा लाजेची मक्तेदारी तू एकटीने घेऊ नकोस.

पण तू जे मला करायला सांगितलंस ते चूक आहे. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. तुझं नाव न घेता तिला पटेल असं काही उरलेलं नाही, कारण तिची माहिती देवाकडून आली आहे असं तिला वाटतं. ती देवाकडून नाही, तुझ्याकडून आली, हे तिला तुझ्याच अक्षरात कळलं पाहिजे. इंटर्नशिप जाईल असं म्हणतेस. जाईल कदाचित. आणि मथुराचं काय जाईल, ते तू शेऱ्यात वाचलं आहेस, मी नाही.

तिला थेट पत्र लिही. फोन नको, फोनवर ती दोन शब्दांत ठेवून देईल. लिहिलेलं ती चार वेळा वाचते, मला माहीत आहे. पाकिटावर माझा पत्ता घाल, मी स्वतः नेऊन देईन आणि ती वाचेपर्यंत समोर बसेन. माझ्या वाट्याचं मी तेव्हाच बोलेन.

रागावलेय, पण दूर लोटलेलं नाही.

तुझी,
आनंदीआत्या

मुंबई,
७ फेब्रुवारी २०२५

सौ. मथुराकाकी यांस,
सा. न. वि. वि.

मी गौरजा. नऊ जानेवारीला तुमच्या हाताला सुई टोचणारी. आनंदीबाई माझी आत्या, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. आपल्या गावची आहे एवढंच म्हणाले होते.

काकी, देवळात तुम्ही जे ऐकलंत ते देवाने सांगितलेलं नव्हतं. ते मी सांगितलेलं होतं. तुम्ही कोणाला सांगू नको म्हणालात, मी हो म्हटलं, आणि दोनच दिवसांत आत्याला पत्र लिहिलं. नाव लिहिलं नाही, पण तुमच्या हाताचं वर्णन लिहिलं. का लिहिलं? माझी पहिली सुई बरोबर बसली होती आणि मला कोणाकडून तरी शाबासकी हवी होती. एवढंच कारण आहे. दुसरं काही चांगलं कारण असतं तर मी ते शोधून लिहिलं असतं.

त्या पत्रात मी असंही लिहिलं की चित्र स्वच्छ दिसलं. आमचं मशीन माणसाची दोन चित्रं काढतं, एक समोरून आणि एक पाठीकडून. मी समोरचं बघितलं आणि हुरळून गेले. पाठीकडचं नीट बघितलंच नाही, आणि बघितलं असतं तरी ते वाचणं माझं काम नव्हे. ते डॉक्टरांनी वाचलं आहे. त्यांनी काय वाचलं ते मी सांगणार नाही, ते तुम्हाला त्यांच्याच तोंडून कळायला हवं. पण तुम्ही या. लाडू ठेवून या, लग्न बाजूला ठेवून या. उशीर न लावता या.

काल मी सारिका मॅडमना सगळं सांगितलं.  त्यांनी एवढंच विचारलं की बाई आल्या का. आल्या नाहीत म्हटल्यावर त्या मला घेऊन विभागप्रमुखांकडे गेल्या. माझं रुग्णांच्या खोलीत जाणं बंद झालं आहे. इंटर्नशिप सहा महिने लांबली आहे आणि मी आता शिशाची भांडी पुसते, नोंदी करते. हे तुमची दया यावी म्हणून लिहीत नाही. तुम्ही आलात तर माझा हात तुम्हाला लागणार नाही, याची खात्री असावी म्हणून लिहिते.

डॉक्टरांनी तुमच्यासाठी मंगळवार, अठरा तारीख राखून ठेवली आहे. मॅडमचा नंबर सोबतच्या चिठ्ठीवर आहे. मागच्या वेळी तुमच्यासोबत आलेले तुमचे दीर स्टेशनावर येऊ शकले नाहीत तर मॅडम माणूस पाठवतील.

क्षमा मागावी असं मनात आहे, पण ती मागण्याइतकं मोठं तोंड माझ्याजवळ नाही. तुम्ही या, एवढंच मागते.

अपराधी,
गौरजा

मिठबाव,
२३ मार्च २०२५

चि. गौरजा हिस,
मथुराकाकीचा आशीर्वाद.

अक्षराला हसू नकोस. मला शिकवणाऱ्या बाईच आता शेजारी बसून चुका दाखवीत आहेत, म्हणून मी त्यांना चुलीकडे चहा टाकायला पाठवले आहे. हे पत्र त्यांनी वाचायचे नाही असे बजावले आहे. बघू किती ऐकतात.

तुझे पत्र त्यांनी आणून दिले आणि समोर बसल्या. मी वाचले. मग त्या उठल्या आणि माझ्या पाया पडू लागल्या. साठ-सत्तरीची बाई, माझी शिक्षिका. मी त्यांना उठवले नाही. खरे सांगते, मला उठवावेसे वाटले नाही. थोडा वेळ गेल्यावर मीच म्हटले की बाई, उठा आता, गाडी कितीची आसा ता बघा. त्या माझ्याबरोबर मुंबईला आल्या हे तुला ठाऊक आहेच. प्रवासभर त्यांनी कानातले यंत्र काढून ठेवले होते, म्हणजे मी काही बोलू नये. 

डॉक्टरांनी कण्यावरची जागा दाखवली. लहान आहे म्हणाले. सुई घालून तपासले, तेव्हा तोच रोग निघाला. आता गोळ्या आणि किरणांचे दहा दिवस झाले, पुढे दर महिन्याला इंजेक्शन आहे. आणखी दोन महिने गेले असते तर कणा बसला असता असेही म्हणाले. हे तुला माहीत असावे म्हणून लिहिले. घाबरवण्यासाठी नव्हे.

गावात आता सगळे माहीत झाले आहे. मला वाटले होते घावणे कोणी घेणार नाही. पहिले चार दिवस खरेच कोणी आले नाही. मग वाडीतली तुळसा आली, आणि नेहमीपेक्षा जास्त घेऊन गेली. अजून काही घरे आली नाहीत. त्यांची वाट बघायची मी सोडून दिली आहे.

मुंबईत तू मला दिसलीस. किरणांना चौथ्या दिवशी आले होते तेव्हा तू भांड्यांची ढकलगाडी घेऊन येत होतीस. मला बघून दाराआड गेलीस. मी हाक मारणार होते, पण राग होता म्हणून मारली नाही. मग तू बाहेर येशील म्हणून थोडी थांबले. तू आली नाहीस. दोघींनीही जे केले ते बरे नव्हे.

आता जे लिहायचे म्हणून बसले ते लिहिते. गाऱ्हाणे झाले त्या सोमवारपासून तुझे पत्र आले त्या दिवसापर्यंत बरोबर तीन आठवडे झाले. गाठ लागली तेव्हापासून सव्वा वर्ष मी रोज सकाळी उठले की आधी छातीला हात लावत होते. त्या तीन आठवड्यांत एकदाही लावला नाही. पोटभर जेवले. नवी पातळे नेसले. आरशात बघून केस विंचरले. एकदा पीठ भिजवताना गात होते, तर शेजारीण विचारायला आली की मथुरा, तुका काय झाला गो? ते दिवस खोटे होते हे मला आता माहीत आहे. त्यांनी माझा जीव घेतला असता. असे दिवस तू पुन्हा कोणाला देऊ नकोस, कधीच देऊ नकोस, अगदी पाया पडून मागितले तरी. पण मला दिलेस ते मी परत करणार नाही. तेवढे बरे दिवस मला त्याआधी मिळाले नव्हते आणि यापुढे मिळतील का ते डॉक्टरही सांगत नाहीत.

माफ केले असे लिहिणार नाही, कारण अजून रोज थोडा राग येतो. शिकणे सोडू नकोस. ओळख ठेव, आणि पुढच्या वेळी दाराबाहेर उभी राहा.

तुझी,
मथुराकाकी